बठ्ठ्या गोळ्या बंद

बुधवारी दुपारी काउंटरवर गर्दी नव्हती. मी भरीत-भाकरीचा डबा उघडला आणि खाता खाता फोनमधला एक फोटो मोठा करून पाहू लागले. सोमवारी काढलेला, एका अमेरिकन औषधाच्या बाटलीचा. लेबलावरचं एक नाव मला तेव्हा माहीत नव्हतं: बुटालबिटाल. आता नेटवर शोधलं. पहिल्याच ओळीत ‘बार्बिच्युरेट’ हा शब्द दिसला आणि हातातला घास मी परत डब्यात ठेवला.

मी जळगावात एका मेडिकलवर फार्मासिस्ट आहे. सव्वीस वर्षं झाली. माहेर असोद्याचं, तिथे लेवा बोली बोलतात, त्यामुळे अहिराणी माझी घरची बोली नाही. ती सासरी शिकले. नवशिक्या माणसाला असते तशी मला ती बोलायची हौस फार. पाचोऱ्याकडचं गिऱ्हाईक आलं की मी मुद्दाम अहिराणीत शिरते. माणसं खूश होतात, मीही होते.

सोमवारी अशाच एक अक्का आल्या होत्या. साठीच्या, अंगाने बारीक. नातेवाइकांकडे कार्यक्रमाला पाचोऱ्याहून जळगावात आलेल्या. पॅरासिटामॉलच्या दोन पट्ट्या मागितल्या. कशाला, म्हणून विचारलं तर पिशवीतून ती नारिंगी बाटली काढून काउंटरवर ठेवली.

“डोकं दुखस वं बहीन. ह्या गोळ्या पोर्यानी अमेरिकाथाईन धाडेल शेतस. भारी शेतस. पन आते एकवर भागत नही, म्हनीसन तुन्हावाली भी लेस.”

“दिवसाला किती घेता?”

“कव्हय पाच, कव्हय सव. वरीस व्हयनं.”

रोज पाच-सहा गोळ्या, त्याही वर्षभर! लेबलावर मुलाचं नाव होतं. म्हणजे औषध डॉक्टरने मुलाला लिहून दिलेलं आणि खात होती आई. त्यात तीन घटक होते. त्यातला एक अ‍ॅसिटामिनोफेन. अमेरिकेत पॅरासिटामॉलला हेच म्हणतात. म्हणजे अक्का एकच औषध दोन नावांनी दुप्पट घेत होत्या, आणि तसं केलं की लिव्हरची वाट लागते. मी एवढ्यालाच घाबरले. पट्ट्या दिल्या नाहीत. बाटलीचा फोटो काढला आणि ऐटीत अहिराणीत सांगितलं, “अक्का, आते बठ्ठ्या गोळ्या बंद करा. डॉक्टरले दाखाडा.”

बठ्ठ्या म्हणजे सगळ्या. मला म्हणायचं होतं, डोकेदुखीसाठी चाललेली ही सरमिसळ थांबवा. अक्कांनी मान हलवली आणि गेल्या.

आता बार्बिच्युरेट म्हणजे काय ते सांगते. मेंदूला शांत करणारं हे जुनं कूळ. फिट येऊ नये म्हणून देतात ती फिनोबार्बिटोन यातलीच. ती आम्ही वेगळ्या कपाटात ठेवतो आणि चिठ्ठीशिवाय देत नाही. डोकेदुखीच्या गोळीत हे घातलेलं असेल तर ती क्वचित आणि डॉक्टरला विचारूनच घ्यायची. दारू किंवा झोपेच्या गोळीबरोबर घेतली तर श्वास मंदावू शकतो. रोज घेतली तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं, माणूस आणखी गोळी घेतो. शिवाय मेंदूला सवय लागते. आणि सवय लागल्यावर एकदम बंद केली तर हात कापतात, झोप उडते, दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते. जीवही जाऊ शकतो.

सोमवार, मंगळवार, बुधवार. मी बोटांवर मोजलं. तिसरा दिवस चालू होता.

मालक विजूभाऊ बिलं लावत होते. त्यांना सगळं सांगितलं.

“मॅडम, आपण डॉक्टर नाही,” ते म्हणाले.

“म्हणूनच भीती वाटतेय. डॉक्टर नसून बंद करायला सांगितलं.”

“नाव काय बाईंचं?”

“अक्का.”

“पाचोऱ्यात अक्का काय एक आहे?”

मी पुन्हा फोटो पाहिला. बाटलीच्या मागे अक्कांची पिशवी अर्धी दिसत होती. तिच्यावर पाचोऱ्याच्या एका कृषी केंद्राचा फोन नंबर होता. लावला. लेबलावरचं मुलाचं नाव सांगितलं, अमेरिकेत असतो म्हटलं. पलीकडचा माणूस लगेच म्हणाला, “हा, नानांचा पोरगा.” त्याने नानांचा, म्हणजे अक्कांच्या नवऱ्याचा, नंबर दिला. तोवर विजूभाऊंनी न सांगता आमच्या ओळखीच्या फिजिशियनला दुसऱ्या फोनवर धरून ठेवलं होतं.

नानांनी फोन अक्कांकडेच दिला. मी तब्येत विचारली.

“हात कापतस वं बहीन. दोन राती डोया नही लागना. पन तू सांगं ना बठ्ठ्या बंद, मी एक भी नही लिधी. बीपीनी भी बंद करी टाकी.”

“अमेरिकेच्या गोळ्या कुठे आहेत, अक्का?” माझी अहिराणी कुठल्या कुठे पळाली होती.

“चुलामा टाक्यात. घरमा राहिन्यात तं खावानं मन व्हई.”

इतकं नेमकं कुणी आजवर माझं ऐकलं नव्हतं. फिजिशियन म्हणाले, जळगावला आणण्यात वेळ घालवू नका, गावातल्याच दवाखान्यात लगेच न्या, मी तिथल्या डॉक्टरांशी बोलतो, फोटो मला पाठवा. मी नानांना सांगितलं, “अक्कांना मोटरसायकलवर बसवू नका. रिक्षा करा. एकटं क्षणभर सोडू नका.”

त्यानंतरचा सव्वा तास मी काउंटरवर उभी होते. एकाने खोकल्याचं औषध मागितलं, मी त्याला मलम दिलं. विजूभाऊंनी ते बदलून दिलं. मला सारखं वाटत होतं, या बाईला मी मारलं.

नानांचा फोन आला. दवाखान्यात कॉटवर झोपवल्यावर दहाव्या मिनिटाला अक्कांना फिट आली होती. डॉक्टर शेजारीच होते, औषध तयार होतं. फिट थांबली. मी मागे गोडाऊनमध्ये जाऊन रडले.

पुढे त्याच कुळातलं औषध मोजून देऊन डॉक्टरांनी ते दिवसादिवसाने उतरवलं. बीपीची गोळी पुन्हा सुरू झाली. डोकेदुखी सुरुवातीला वाढली, मग काही आठवड्यांत बरीच कमी झाली. ती बरीचशी गोळ्यांनीच आणलेली होती.

तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळते. लेबलावरचं प्रत्येक नाव कळेपर्यंत सल्ला देत नाही. आणि काय बंद, काय चालू, ते नावानिशी कागदावर लिहून देते.

दीड महिन्याने अक्का नानांना घेऊन आल्या. मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकलीच नाही, पिशवी काउंटरवर उलटी केली. आत औषधांच्या चार पट्ट्या होत्या.

“आते नाव लीसन सांग. बठ्ठं म्हनू नको.”

मी एकेक पट्टी उचलून नाव, वेळ, कशासाठी ते लिहिलं. मग अक्कांकडून म्हणून घेतलं. त्यांनी चारही नावं न चुकता सांगितली आणि विचारलं, “बरोबर शे का?”

“बठ्ठं बरोबर शे,” माझ्या तोंडून निघून गेलं.

अक्का खो खो हसल्या. मी कागद परत घेतला आणि चारही नावं पुन्हा पहिल्यापासून तपासली.