शून्य रुपयांची भाकरी

वहिनीसाहेबांनी माझ्या डब्यातली दुसरी भाकरी उचलली, मोबाइल तोंडासमोर धरला आणि म्हणाल्या, "आजचं दुपारचं जेवण, शून्य रुपये."

मी समोर उभा होतो. हातात पाण्याची बाटली. त्यांना ठसका लागला तर द्यावी म्हणून. भाकरी माझी, डबा माझा, आणि पाणी घेऊन उभा तोपण मीच.

शून्य रुपये.

जागा तासगावच्या अलीकडची. बेदाण्याच्या शेडपाशी, लिंबाखाली मी त्यांची गाडी लावलेली. आत बाया बेदाणा निवडत बसलेल्या. वहिनीसाहेब त्यांना भेटून, त्यांचे फोटो काढून बाहेर आल्या. मी गाडीच्या आडोशाला उकिडवा बसून डबा सोडला होता. त्या दिसल्या तसा उठलो, आणि सवयीनं तोंडातून गेलं, "या जेवायला, वहिनीसाहेब."

आमच्याकडं हे म्हणावंच लागतं. माझं गाव पाटणच्या पल्याड, वर डोंगरात. आई म्हणायची, "उघड्या भाकरीला हाक लागती. एकट्यानं गिळू नये." बांधावर फडकं सोडलं आणि वाटेनं कुणी चाललं, ओळखीचा असो नसो, की म्हणायचं, "या जेवायला." आणि त्यानं म्हणायचं, "होऊ द्या, होऊ द्या." एवढंच. तो थांबत नाही. सकाळपासून उपाशी असला तरी थांबत नाही. त्याला ठाऊक असतं, फडक्यात एकाचीच भाकरी आहे. हाक देणाऱ्याचा मान राहतो, ऐकणाऱ्याचाबी राहतो.

वहिनीसाहेब "होऊ द्या" म्हणाल्या नाहीत. "अरे वा, चालेल की!" म्हणाल्या. मागचं दार उघडून सीटवर टेकल्या आणि डबा मांडीवर घेतला.

त्यांच्या बायकांच्या मंडळानं ठरवलं होतं, सात दिवस, दिवसाला पन्नास रुपयांतच खायचं. गरीब कसा जगतो ते आपण अंगावर घेऊन बघायचं आणि लोकांना सांगायचं. शेवटच्या दिवशी साताऱ्यात कार्यक्रम. नियम होते. घरातलं तेल, तिखटमीठ, गॅस धरायचा नाही. कुणी आपणहून खायला दिलं तर तेबी धरायचं नाही. ते प्रेम, असं नियमात लिहिलेलं.

खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी मला त्यांचं वाईट वाटलं. दूध परवडत नाही म्हणून कोरा चहा पिल्या. डोकं धरून बसल्या. आरशात मला दिसत होतं, मागच्या सीटवर डोळे मिटून पडलेल्या. गाडी मात्र दिवसभर फिरत होती. डिझेल खाण्यात धरत नाहीत.

आणि माझ्यावर त्यांचे उपकार होते. ते मी आजबी मानतो. सातवीला माझी शाळा सुटली. बाप गेला, आठवी खाली पाटणला, म्हशी कुणी राखायच्या? मग टेम्पोवर क्लीनर, मग ड्रायव्हर, मग सांगलीतला हा बंगला. तीन वर्षं. राहायला गॅरेजमागची खोली. आई खुब्यानं अंथरुणाला खिळली तवा वहिनीसाहेबांनी मिरजेत मोठ्या डॉक्टरला स्वतः फोन लावला. एका बाजूचं ऑपरेशन झालं. आई काठी घेऊन उभी राहिली. दुसरी बाजू पावसाळ्याआधी करायची ठरली होती, तीपण त्यांच्याच शब्दावर. त्या बोलल्या की मी मान डोलवायचो. स्वभावानंच मी भित्रा. रात्री बघितलेले टायर सकाळी परत बघणारा. कुणी हसून बोललं तर मला वाटतं, आपलं काय चुकलं आता?

बंगल्यात चहा मिळायचा. माझा कप वेगळा. स्वयंपाकघराच्या खिडकीत, बाहेरच्या अंगाला पालथा घातलेला. पिऊन झाला की मीच धुवायचा आणि परत पालथा घालायचा. वेगळा का, ते कुणी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. त्यांनाबी ठावं, मलाबी ठावं.

त्याच वहिनीसाहेब माझ्या डब्यात बोटं घालून खर्डा पुसून खात होत्या. मला क्षणभर बरंसुद्धा वाटलं. म्हणलं, चला, विटाळ तरी गेला. संध्याकाळी चहा घ्यायला गेलो. कप खिडकीतच होता.

दुसऱ्या दिवशी मिरजेत. जेवायच्या टायमाला त्या बरोबर गाडीपाशी आल्या. न म्हणावं तर राग. म्हणावं तर भाकरी जाणार. "या जेवायला," म्हणलं. त्या आल्या.

तिसऱ्या दिवशी दोनच्या जागी तीन भाकरी थापल्या. त्यांनी दोन खाल्ल्या. "नाचणी किती पौष्टिक असते रे! आणि तुम्ही लोक रोज खाता." पिठाची पिशवी आईनं दिलेली. शिमग्याला घरी जाईपर्यंत पुरवायची होती. पगार सगळा वर गावाकडं जायचा, आईच्या गोळ्यांना, घरखर्चाला. हातात राहायचं ते चहापावाचं. मग रात्री पिशवीत हात घालून बघायचो, किती उरलंय. मूठभर कमी घ्यायचो. सकाळची भाकरी बंद केली. दुपारच्यावर दिवस काढायचा, आणि दुपारची तर त्यांची.

सहाव्या दिवशी मी ठरवलं, हाक द्यायची नाही. गाडीच्या पलीकडच्या अंगाला गेलो, पाठ करून बसलो, आवाज न करता झाकण काढलं. पहिल्यांदा आयुष्यात मी चोरासारखा जेवायला बसलो. माझीच भाकरी.

पाठीमागनं हसू आलं. "काय रे, आज बोलावलं नाहीस?"

मी उठलो. डबा पुढं केला. हाक दिली नाही. त्यांना हाक नकोच होती. भाकरी घेतली, मोबाइल काढला. "दिवस सहावा. या लोकांचं मन किती मोठं असतं बघा. स्वतःला नसलं तरी देतात."

त्या दिवशी गाडी चालवताना डोळ्यांपुढं रस्ता दोनदा पांढरा झाला. मी काच खाली केली आणि चालवत राहिलो.

सातवा दिवस. साताऱ्याला निघताना वहिनीसाहेबांनी सांगून ठेवलं, "आज डबा उघडू नकोस हं. स्टेजवर मी तुझीच भाकरी खाऊन सांगता करणार. कुणाला हात लावू देऊ नको."

पिशवी झटकून पीठ निघालं होतं, त्याच्या तीन भाकरी झाल्या. पीठ संपलं.

सभागृहामागं गाड्या लावायची जागा. आठ-दहा ड्रायव्हर. वहिनीसाहेब आत गेल्या. मी डबा फडक्यासकट पुढच्या सीटवर ठेवला आणि बाहेर उभा राहिलो. एक मिशाळ माणूस बोनेट पुसत होता. फौजेतून रिटायर होऊन कुणाची तरी गाडी चालवणारा. सगळे त्याला फौजी म्हणत होते. माझ्याकडं बघून म्हणाला,

"काय रं गड्या, तुझ्या म्याडमबी त्या पन्नास रुपयवाल्या का?"

"व्हय."

"आमच्या तर दुसऱ्या दिशीच पळाल्या. बिर्याणी मागवली न् मला म्हणल्या, कुणाला सांगू नगंस." तो हसला. "तुझ्यांनी सात दिस काढलं? लय भारी. काय खात व्हत्या?"

मी वाकून टायर बघायला लागलो.

"आरं, इचारतोय. काय खात व्हत्या?"

"माझा डबा," मी म्हणलं.

"आन् तू?"

मी सीटवरच्या डब्याकडं बघितलं. त्यानं फडकं खांद्यावर टाकलं. वरपासून खालपर्यंत मला बघितलं. आणि परत बोनेट पुसायला लागला. तो हसला असता तरी चाललं असतं. तो हसला नाही.

मी दार उघडलं. डबा काढला. गाडीच्या सावलीला मांडी घातली. आडोशाला नाही, समोर, सगळ्यांच्या देखत. झाकण काढलं आणि मोठ्यानं म्हणलं, "या जेवायला, फौजी."

"होऊ द्या," तो म्हणाला. "होऊ द्या, होऊ द्या." आणि माझ्या डब्यात नजर पडू नये म्हणून तोंड फिरवून उभा राहिला.

सात दिवसांनी कुणीतरी मला "होऊ द्या" म्हणालं.

मी भाकरी मोडली. एक खाल्ली. दुसरी खाल्ली. तिसरीला हात घालताना वहिनीसाहेबांचा आवाज कानात आला, कुणाला हात लावू देऊ नको. आईचा दुसरा खुबा डोळ्यांपुढं आला. मग तिसरीबी खाल्ली. खर्ड्याला पुसून, सावकाश, शेवटचा तुकडा चावून चावून. डबा धुतला. फडक्यात बांधला.

आतून एक बाई धावत आली. "ड्रायव्हर तुम्हीच ना? डबा घेऊन स्टेजवर चला. लवकर."

खुर्च्या भरलेल्या. वहिनीसाहेब माइकपाशी. मला खांद्याला धरून पुढं केलं. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांचा हात अंगाला लागला. "हा आमचा ड्रायव्हर. माझा गुरूच म्हणा. गरीब माणूस किती कमी खातो आणि किती समाधानी असतो, ते मी याच्याकडून शिकले. सात दिवस मी पन्नास रुपयांच्या आत राहिले. आता याच्या डब्यातली भाकरी खाऊन मी सांगता करते."

टाळ्या. त्यांनी फडकं सोडलं. झाकण काढलं.

डबा रिकामा.

"अरे, भाकरी कुठाय?" त्या माइकमध्येच बोलल्या.

"खाल्ली."

"कुणी?"

"मी. माझी व्हती."

मागनं कुणीतरी हसलं. वहिनीसाहेबबी हसल्या, पण त्यांचे कान लाल झाले. "गमत्या आहे आमचा," म्हणाल्या आणि माइक आपल्याकडं ओढला. मी माइकची दांडी धरली. का धरली, मला आजबी सांगता येत नाही. आवाज मात्र निघाला.

"तुमी पन्नास रुपयात न्हाई जगला, वहिनीसाहेब. माझ्या डब्यात जगला. तुमी त्याला शून्य रुपय म्हणला. सात दिस मी अर्ध्या पोटावर गाडी चालवली, त्येचा फोटो कुणी काढला न्हाई. तीन वर्सं झाली, तुमच्या घरात मला कुणी 'ये जेवायला' म्हणलं न्हाई. माझा कप खिडकीत पालथा हाय. आन् मी समाधानी हाय म्हणून सांगताय. मी भ्यालेला हाय. समाधानी न्हाई."

वहिनीसाहेब माइकपासून बाजूला होऊन हळू म्हणाल्या, फक्त मला ऐकू येईल असं, "तुझ्या आईसाठी मी काय केलं, विसरलास?"

"इसारलो न्हाई," मी म्हणलं. "म्हणून तर सात दिस गप बसलो."

डबा उचलला आणि खाली उतरलो.

परतीच्या वाटेला मीच गाडी चालवली. दुसरं कोण चालवणार? मी ब्रेकसुद्धा हळू दाबत होतो, त्यांना धक्का बसू नये म्हणून. सवय अशी लवकर जात नाही. सांगली आली तसं त्या म्हणाल्या, "सगळ्यांसमोर मान खाली घालायला लावलीस मला."

"माझी सात दिस खालीच व्हती, वहिनीसाहेब."

गाडी आत लावली. चावी दिली. खोलीतली वळकटी उचलली. जाताना खिडकीतला कप घेतला आणि सरळ करून पायरीवर ठेवला. तोंड वर. तेवढं मी केलं.

आईला फोनवर सांगितलं. आई शाबास म्हणाली नाही. "तुला काय धाड भरली व्हती बोलायला? आता माझ्या पायाचं काय?" म्हणाली. तिचं बरोबरच आहे. दुखणं तिचं आहे. अजून नीट बोलत नाही माझ्याशी. मी तिचे कागद घेऊन मिरजेत सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभा राहिलो. चार खेपा झाल्या. नाव लागलंय, पाळी आलेली नाही. पाळी कवा येईल, कुणी सांगत नाही. मी पाचव्यांदा जाणार आहे. सहाव्यांदाबी जाईन. पण शब्द टाका म्हणून त्या बंगल्याच्या फाटकाशी जाणार नाही.

आता मी तासगावला टेम्पो चालवतो. बेदाण्याच्या पेट्या शेडवरून कोल्ड स्टोरेजला. दुपारी त्याच रस्त्याला, त्याच लिंबाखाली कधीकधी डबा सोडतो. शेडमधली बाई पाण्याला चालली असली, हमाल सावलीला आला, की म्हणतो, "या जेवायला." ते म्हणतात, "होऊ द्या." कुणी खरंच भुकेला दिसला तर हाताला धरून बसवतो.

पण ज्याच्या घरी माझा कप पालथा आहे, त्याला माझ्या भाकरीची हाक नाही. तो कितीबी उपाशी राहून दाखवू दे. आणि हाक नसताना त्यानं डब्यात हात घातला, तर झाकण त्याच्या बोटांवर पडेल. मी आधी सांगून ठेवतोय.