टोचणारा कोपरा
ताज्या कापलेल्या सागाचा वास आला की मला घुग्घुस रोडवरचं ते वर्कशॉप आठवतं. मी तिथल्या सीएनसी मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कोरीवकामाच्या मशीनवर, नवीन होते. एक वयस्क बाई गावातल्या विहारासाठी नावाची पाटी करायला आल्या होत्या. त्यासाठी त्यांनी आलापल्लीच्या सागाची फळी आणली होती; नवऱ्याने मागे ठेवलेली ती एकच. मी आधी साध्या लाकडावर उठावाची अक्षरं कोरून पाहिली. काम झटपट झालं, पण अक्षरांचे कोपरे गोल आले. “मशीन वळणावर थांबत नाई, कट मारून राह्यली,” वर्कशॉपचे मिस्त्री म्हणाले. मी मशीनला प्रत्येक कोपऱ्यावर थांबायला लावलं, तर झटक्यांनी ती थरथरली आणि कडेला लाटा उमटल्या. मग कोपऱ्याजवळ वेग हळूहळू उतरेल आणि पुढे हळूहळू वाढेल असं केलं. चाचणी साफ आली, तेव्हाच फळी लावली. अर्ध्या तासाचं काम दुपारभर चाललं. बाई बाकावरून हलल्या नाहीत. शेवटी त्यांनी एका कोपऱ्यावर बोट टेकवलं आणि म्हणाल्या, “मले टोचून राह्यलं पोरी. बेस झालं.” मी तिथेच स्टुलावर बसले. परवा त्या विहारात गेले होते. लोक पाटी वाचून आत जात होते. मी मात्र बराच वेळ नुसते कोपरे बघत उभी होते.