सतरा नंबरच्या शीटवरचा बोळ

रेघबाई एका जागी बसलेली दिसली तर समजावं, तिला बरं नाही. असं तिचा नवरा म्हणायचा, आणि तो बसचा ड्रायव्हर असल्यामुळे एका जागी बसण्यातला जाणकार माणूस होता. घरात ही बाई येता-जाता भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करणार, दाराशी पडलेल्या चपलांच्या जोड्या लावणार, कपाचा कान उजवीकडे वळल्याशिवाय चहाला तोंड लावणार नाही. सासू म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. सासूबाईंचं इतर बाबतींत काहीही असो, हे मात्र खरं होतं.

नगरपालिकेच्या नकाशा विभागात ती बावीस वर्षांपूर्वी लागली. तेव्हा पारदर्शक कागदावर शाईच्या पेनाने नकाशे गिरवायचे. तिची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची यायची, मध्ये कुठे थरथर नाही, म्हणून हे नाव पडलं. पुढे कॉम्प्युटर आले. जुनेजाणते हातपाय गाळून बसले, हिने मात्र महिन्याभरात तो प्रोग्रॅम असा काही आत्मसात केला की शिकवायला आलेला माणूसच हिला विचारायला लागला. तिच्या ड्रॉइंगवर माशी बसली तर घसरून पडेल, असं साहेब एकदा सगळ्यांसमोर म्हणाले. ती तेव्हा नुसती हसली. घरी मात्र त्याच आठवड्यात तीनदा तिने ते ऐकवलं. तिसऱ्यांदा नवऱ्याने विचारलं, त्या माशीला फार लागलं का?

तर गोष्ट आहे ती या साफसफाईच्या सोसाची.

तीन वर्षांपूर्वी साहेबांनी तिच्यावर मोठं काम सोपवलं. गावाच्या चाळीस शीटा होत्या, म्हणजे चाळीस तुकड्यांत कापलेला गावाचा नकाशा. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या हातांनी मोजलेला. त्या सगळ्यांचा एक नकाशा करायचा होता. प्रोग्रॅममध्ये त्याची सोय चांगली आहे. एक कोरं ड्रॉइंग उघडायचं, चाळीस फाइली त्याला जोडायच्या, हव्या त्या रेषा त्यांच्यातून मागवून घ्यायच्या, दुरुस्त करायच्या आणि पुन्हा ज्याच्या त्याच्या मूळ फाइलीत परत पाठवायच्या. हे सगळं झकास झालं. अडलं ते शिवणीवर. शेजारच्या दोन शीटांचे काठ एकमेकांना भिडेनात. रस्ता या शीटवरून निघायचा आणि पलीकडे मीटरभर बाजूला उगवायचा. कुठे दुहेरी रेषा, कुठे लोंबती टोकं. रेघबाईच्या डोळ्यांत ती टोकं कुसळासारखी खुपायची.

यावरही अवजार आहे. त्याला क्लीनअप म्हणतात. त्याला एक आकडा द्यायचा, टॉलरन्स. म्हणजे किती अंतरातल्या रेषा ‘या मुळात एकच आहेत’ असं समजून एकत्र करायच्या, ते सांगायचं. शहाण्या माणसाने चार बोटं, फार तर वीत सांगावी. रेघबाईने आधी वीतच सांगितली. शिवण मिटेना. मग अर्धा मीटर. तरी कुठे कुठे फट. आठ दिवस ती त्या फटींपायी खुर्चीतून उठत होती, बसत होती, पाणी पीत होती. शेवटी एका दुपारी वैतागून तिने दीड मीटर टाकलं आणि बटण दाबलं. चाळीस शीटा एका क्षणात चट्ट जुळल्या. एक लोंबतं टोक नाही, एक दुहेरी रेघ नाही. साहेब माशीबद्दल बोलले ते त्या दिवशी.

मग तिने सगळं मूळ फाइलींत परत पाठवलं. जुन्या फाइली नव्या झाल्या. कागदी शीटांना कसर लागली होती, कपाट अडत होतं, त्याही तिनेच रद्दीत काढायला लावल्या. साफ म्हणजे साफ.

आता या मंगळवारी खिडकीशी एक म्हातारा आला. चावीवाला. बाजारपेठेच्या तोंडाशी लाकडी पेटी मांडून तो चाव्या करतो, तिथेच मागे त्याचं घर. त्याच्या कमरेला एवढा मोठा जुडगा होता की तो बोलायच्या आधी जुडगाच बोलायचा. त्याची तक्रार साधी होती. त्याच्या आणि आणखी पाच घरांच्या वाटेवर पुढचा हार्डवेअरवाला गोदामाची भिंत घालतोय. त्याला नगरपालिकेची परवानगी मिळतेय, कारण नकाशात तिथे वाटच नाही. शुक्रवारी सुनावणी आहे. खिडकीवरच्या कारकुनाने नकाशा काढून दाखवला आणि सांगितलं, आजोबा, इथे बोळबीळ काही नाही, दोन मिळकतींची एकच हद्द आहे.

चावीवाल्याने कागद उलटून मागची बाजूही बघितली. मग म्हणाला, “चाळीस वर्षं मी मग भिंतीतून ये-जा करतोय का?”

रेघबाईचं टेबल खिडकीपासून तिसरं. तिने ते ऐकलं. पेपरवेट उचलून पुन्हा ठेवलं. पेन्सिलींना टोक केलं, नको त्यांनाही केलं. मनाशी म्हणाली, असेल काहीतरी अतिक्रमण, लोक काय, कशालाही वाट म्हणतात. पण म्हाताऱ्याने जाताना बोळाची रुंदी हातांनी दाखवली, दोन्ही कोपरं अंगाशी धरून, आणि ते हात काही तिच्या डोळ्यांपुढून हलेनात.

बुधवारी डबा न खाता ती टेप घेऊन गेली. बोळ होता. चांगला फरसबंद, मधोमध झिजलेला, दोन्ही बाजूंच्या भिंतींना माणसांच्या खांद्यांनी गुळगुळीत केलेला. चावीवाल्याने न विचारता टेपचं दुसरं टोक धरलं. एक मीटर एकोणीस सेंटिमीटर. तिने पुन्हा मोजला, मग आतल्या टोकाला मोजला. एक मीटर बावीस. दीड मीटरच्या आत, म्हणजे बोळाच्या दोन्ही कडा एकच रेघ धरल्या गेल्या होत्या.

म्हातारा बोलत होता. बायकोला याच बोळातून दवाखान्यात नेली, ती काही परत आली नाही म्हणाला. “आता भिंत झाली तर मागे गटार आहे, त्यावरून उडी मारायला मला सांगतायत. मी जिवंतपणी मारीन हो उडी, ताई. मेल्यावर कशी मारू?” आणि स्वतःच हसला. रेघबाईला हसू आलं नाही. तिने टेप गुंडाळली, ती धड गुंडाळली गेली नाही, तशीच पिशवीत कोंबली.

ऑफिसात येऊन तिने शोधाशोध सुरू केली. सतरा नंबरच्या शीटची मूळ फाइल उघडली, तिथे एकच हद्द, ठणठणीत. म्हणजे तिनेच परत पाठवलेली. जुनी प्रत कुठे राहिली असेल म्हणून सगळे फोल्डर धुंडाळले. बॅकअपच्या डिस्कवर नव्या फाइलींनी जुन्यांना कधीच पुसलं होतं. एकेक लेयर, म्हणजे नकाशाचा एकेक थर, बंद-चालू करून पाहिला, जणू बोळ कुठल्यातरी लेयरखाली दडून बसला असेल. गुरुवारी दुपारी तिला ती छोटी फाइल सापडली. क्लीनअप करताना कुठले आकडे दिले ते प्रोग्रॅम जपून ठेवतो, पुढच्या वेळी पुन्हा टाइप करायला नको म्हणून. त्यात तारीख होती, तिचं नाव होतं, आणि टॉलरन्ससमोर दीड मीटर. बोळ पूर्वी नकाशावर होता असं सांगणारी अख्ख्या ऑफिसातली तेवढीच एक गोष्ट. ती फाइल कोणी कधी उघडणार नव्हतं. पुसायला एक बटण पुरेसं होतं, आणि पुसण्यात तर तिचा हात धरणारा कोणी नव्हता.

इथे एक सांगायला हवं. मुख्य आरेखकाची जागा रिकामी झाली होती आणि तिच्या नावाची ऑर्डर सहीला गेली होती. बावीस वर्षं जिच्याकडे डोळे लावून बसावं अशी ती जागा. त्यामुळे कोणी तिला लगेच थोर बिर समजू नये. गुरुवारी दुपारी तिने त्या फाइलीवर बोट नेलं होतं. दोनदा नेलं होतं.

संध्याकाळी जेवताना तिने नवऱ्याला विचारलं, तुझ्याकडून कधी थांबा चुकलाय का? ताट नीट न लावता वाढलेलं बघूनच तो समजला होता, काहीतरी बिनसलंय. तो म्हणाला, एकदा. हात केलेला माणूस दिसला होता, पण उशीर झाला होता, दामटली गाडी. तक्रार कोणी केली नाही. नऊ वर्षं झाली. अजून त्या थांब्यावर कोणी नसलं तरी माझा पाय ब्रेकवर जातो. एवढं बोलून त्याने आमटी मागितली. तिने ती वाढली आणि पुन्हा उठून कॅलेंडर सरळ केलं, ते सरळच होतं.

शुक्रवारी सुनावणीला साहेबांनी भिंतीवर नकाशा लावला. हद्दी दाखवल्या, रस्ते दाखवले, गटार दाखवलं. बोळ नव्हता. हार्डवेअरवाल्याकडे कागदांची जाड फाइल होती, चावीवाल्याकडे जुडगा. साहेबांनी रीतीप्रमाणे विचारलं, नकाशा बरोबर आहे ना? हे विचारताना त्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, इतका विश्वास.

“नाही, साहेब,” ती म्हणाली. “बोळ होता. तो मी पुसलाय.”

तिने ती फाइल उघडून दाखवली, टेपचे आकडे वाचले. हार्डवेअरवाला चिडला, मग वकिलाचं नाव घेऊन गेला. परवानगी थांबली. चावीवाला तिच्याजवळ आला, ही शिव्या खायच्या तयारीने उभी. तो एवढंच म्हणाला, “चाव्या करताना माझ्याकडूनही एखादी जास्त घासली जाते कधी. मग ती कुलपात फिरत नाही.” आणि खुळखुळत निघून गेला.

साहेबांनी दार लावून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, सतरा नंबरच्या शीटमध्ये तांत्रिक चूक, एवढं लिहू, विषय संपला. ऑर्डर माझ्या टेबलावर आहे, सही करतो. इथेच ती गप्प बसली असती तर कोणाच्या बापाचं काही गेलं नसतं.

“साहेब, एकाच शीटवर नाही. चाळीसही शीटांवर हाच आकडा होता.”

साहेब खुर्चीत मागे रेलले. आणखी किती गेले, त्यांनी विचारलं. ती म्हणाली, काय ठेवलं ते प्रोग्रॅम दाखवतो, काय खाल्लं ते दाखवत नाही.

ती जागा दुसऱ्याला मिळाली. रेघबाईच्या हाती टेप आली आणि आठवड्यातून तीन दिवस गाव पालथं घालायचा हुकूम. भिंगरीला दुसरं काय हवं होतं, असं ऑफिसात लोक म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, ओठ शिवून बसता येत नव्हतं का. तिला दोन्ही बोलणी लागली. पहिले काही आठवडे ती रस्त्यात भेटेल त्याला विचारायची, इथून कुठे वाट जाते का हो? पहिला बोळ पुन्हा काढला तो सतराचाच, हाताने, दोन रेघा, क्लीनअपला शिवलीसुद्धा नाही. मूळ फाइलीत परत पाठवायच्या आधी चार वेळा तपासला. मग एकतीसवर एक सापडला, सहावर दोन, नळाकडे जाणारे. दर बोळागणिक तिला थोडं हलकं वाटायचं, आणि लगेच पुढच्याची काळजी लागायची. रात्रीची झोप तेवढी बरी लागायला लागली होती.

नववा सव्वीस नंबरच्या शीटवर होता. दोन घरांच्या मध्ये फरशा एका भिंतीपाशी येऊन अचानक संपत होत्या. भिंत जुनी नव्हती, पण नवीही नव्हती. रंग दिलेला, एका कोपऱ्यात शेवाळ धरलेलं. शेजारच्या ओट्यावर एक बाई कपडे वाळत घालत होती. तिने आपण होऊन सांगितलं, इथून पूर्वी रस्ता होता, मागे एक शिवणकाम करणारी राहायची, गुडघ्याने अधू. भिंत झाल्यावर तिला लांबून वळसा पडायचा. ती भांडायला नगरपालिकेत गेली होती, नकाशात नाही म्हणाले. मग खोली सोडून गेली बिचारी. कुठे ते माहीत नाही.

रेघबाईने वही उघडली. नकाशात इथे वाट नव्हती, जमिनीवरही नव्हती. सगळं तंतोतंत जुळत होतं, दुरुस्त करायला काहीच नव्हतं.

“तुम्ही कोण, नगरपालिकेच्या का?” बाईने विचारलं.

“हो,” रेघबाई म्हणाली. “तेव्हा ‘नाही’ म्हणाले ना, तो नकाशा माझा.”

बाईच्या हातातला कपडा तसाच राहिला. रेघबाईने टेपचं टोक भिंतीला लावलं, मग काढलं. ती तिथेच फरशीवर बसली, भिंतीला पाठ लावून, आणि बराच वेळ जागची हलली नाही.