परदेशी भुकटीचं दूध

साठ सालाच्या आसपास मी खानदेशातल्या खापर गावाजवळच्या एका सरकारी दवाखान्यात नर्स होते. मुलांसाठी परदेशातून दुधाच्या भुकटीची पिंपं यायची. चार वर्षं ती आली, म्हणून येतच राहतील असं मी धरून चालले.

एका बाळंतिणीला मीच म्हणाले, "मजुरीला जातेस, मग अंगावर पाजायची ओढाताण कशाला? हे दूध पाज." तिनं ऐकलं. पोरगी गुटगुटीत झाली.

मग पिंपं येईनाशी झाली. तालुक्याहून उत्तर आलं, वरूनच माल नाही. दूध आलं का, म्हणून ती रोज येऊन विचारायची, "बाई, दूध उनं का?" मी म्हणाले, पुन्हा अंगावर घेऊन बघ. ती खाली बघत म्हणाली, "मन्हं आटी गयं, बाई."

शेळीचं दूध पोरीला सोसलं नाही. हगवण लागून ती आठवड्यात गेली. पुढच्या महिन्यात पिंपं आली आणि मी सही करून ती उतरवून घेतली.

पोरीच्या आईनं मला कधी दोष दिला नाही. बाजारात दिसली की थांबून माझीच खुशाली विचारायची. आज म्हातारपणी कुणी तान्ह्या बाळासाठी सल्ला मागितला, की ती मागे उभी आहे असं वाटतं आणि माझ्याच्यानं बोलवत नाही.