खोट नसलेली गाडी

गाडी बघायला कुणी आलं, की उस्ताद आधी त्याचा हात धरायचे आणि बॉनेटवर नेऊन टेकवायचे. "बगा, गार हाय ना? तसल्ली करा. मंग चावी लावू." जुनी गाडी विकणारे लोक गिऱ्हाईक यायच्या आत इंजिन तापवून ठेवतात, कारण तापलेलं इंजिन आपली दुखणी लपवतं. गार इंजिनाला चावी लावली, की पहिल्या चार सेकंदांत ते काय ते बोलून जातं. हे मला उस्तादांनी शिकवलं. वाळूजच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं क्वालिटी खात्यात काढली आहेत, म्हणजे दुसऱ्याच्या मालात खोट काढण्यावर माझं घर चाललेलं आहे. मला काही शिकवू शकेल असा माणूस मला सहसा भेटत नाही. भेटला तर आवडत नाही. उस्ताद आवडले.

तुम्ही बीड बायपासने जात असाल तर निळ्या पत्र्याची ती शेड तुमच्याही नजरेस पडली असेल. आत एवढ्या ठेंगण्या गाड्या कशाला उभ्या आहेत, असं मनात येऊन तुम्ही पुढेही गेला असाल. बहुतेक लोक पुढेच जात. उस्ताद फक्त जुन्या स्पोर्ट्स कार विकायचे, एका वेळी तीन, फार तर चार. "चार दारांच्या गाड्या विकायला गल्लोगल्ली लोकं बसलेत," ते म्हणत, "त्यात आपन कशाला?" मूळचे ते पिशोरचे, शेतकऱ्याच्या घरातले. शहागंजच्या एका गॅरेजात हात काळे करता करता ते उस्ताद झाले, आणि मग त्यांचं खरं नाव सहीपुरतं उरलं. मलाही ते पहिल्यांदा गाडीच्या कागदावरच वाचायला मिळालं.

मी तिथे कसा पोचलो तेही सांगून टाकतो. मी निवृत्त झालो त्याच वर्षी बायको मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली, आणि नातवाने तिला तिकडेच ठेवून घेतलं. गारखेड्यातल्या आमच्या तीन खोल्यांमध्ये मी एकटा राहिलो. मला करमत नव्हतं. फ्रिजची घरघर मध्येच थांबली की घरात किती शांतता आहे ते कळायचं आणि मी उगाच चपला घालून बाहेर पडायचो. असाच भटकताना मला शेडमध्ये गडद निळ्या रंगाची, छत उघडणारी, दोन सीटांची एक गाडी दिसली. मी काही हौशी माणूस नाही. पण गाडी बघितली आणि पाय निघेना.

"आज नाय दाखवनार," उस्ताद म्हणाले. "आत्ताच चालवून आनली. तापलीय. उद्या सकाळी या."

हा फसवणार, असं धरूनच मी आत शिरलो होतो. हा माणूस आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवतोय, हे माझ्या हिशेबात बसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी गेलो. हात बॉनेटवर टेकला, चावी लागली, आणि दोन सेकंद डब्यात खिळे हलवावेत तसा आवाज आला. उस्तादांनी ताबडतोब इंजिन बंद केलं. "ऐकलं? इंजिनातली टायमिंग चेन ढिली हाय. हे नीट झाल्याबिगर द्यायची नाय. रविवारी या."

रात्रीच्या फोनवर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "दोनच सीटा? म्हणजे मी आले तर माझ्या बॅगा कुठे, तुमच्या डोक्यावर?" मग म्हणाली, "घ्या. काहीतरी करा. तुमचा आवाज असा झालाय ना, की मला इथे भाजी खाली लागते."

तर रविवार सुरू झाले.

उस्तादांची एक पद्धत मी दुसरीकडे कुठेच पाहिलेली नाही. गाडी द्यायच्या आधी ते गिऱ्हाइकाचा रस्ता बघायला जात. लेक द्यायची असली की माणसं घर बघून येतात, तसं. त्यासाठी त्यांच्याकडे दोन लाकडी खुंट्या होत्या, गाडीच्या पोटाखाली जेवढी जागा असते तेवढ्या उंचीच्या. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये जेवढं अंतर, तेवढी दोरी त्यांच्या टोकांना बांधलेली. स्पीडब्रेकरच्या अलीकडे एक खुंटी आणि पलीकडे दुसरी उभी करून दोरी ताणायची. दोरी मधल्या उंचवट्याला लागली, तर गाडीचं पोटही लागणार. एवढं साधं.

एका रविवारी मला म्हणाले, "साहेब, फुरसत असंल तर चला, आमच्या पिशोरच्या पुढच्या गावाला. दुसरी खुंटी धरायला मानूस पायजे." तिथल्या एका बागायतदाराच्या थोरल्या मुलाला पिवळी गाडी हवी होती. आम्ही दोघं त्यांच्या जुनाट स्कूटरवरून गेलो, आणि गावात शिरल्यापासून एकेका स्पीडब्रेकरला उतरून, ओणवे होऊन, दोरी ताणत निघालो. तिसऱ्या ठिकाणी माणसं जमली. रस्त्याची मोजणी आली, अशी बातमी आमच्या पुढे पळाली. एक म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आमचा ओटा जानार का सांगा आदी. जानार असंल तर मी इथंच बसते." एकाने आम्हाला चहा पाजला आणि शेजाऱ्याच्या ओट्याकडे बोट दाखवून कानात सांगितलं, की मोजायचं तर तो मोजा, दोन हात पुढं आलाय. उस्तादांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, म्हातारीला हात जोडले आणि दोरी गुंडाळली.

बारापैकी नऊ ठिकाणी दोरी लागली होती. "नाय जमनार," उस्ताद त्या मुलाला म्हणाले. तो तापला. "माझी गाडी, माझं पोट घासंल, तुम्हाला काय त्याचं?" उस्ताद म्हणाले, "तुझं घासंल तर घासू दे बाबा. गाडीचं नाय घासू देनार." मुलगा तरातरा निघून गेला. त्याच्या बापाने मात्र आम्हाला भाजलेली कणसं खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही.

परत येताना मी म्हणालो, "उस्ताद, अशाने धंदा कसा व्हायचा?"

"व्हतो की. सावकाश व्हतो."

माझा गारखेड्याचा रस्ता मात्र दोरीला कुठेच लागला नाही. त्यामुळे आता फक्त गाडी तयार व्हायची होती. चेन झाली. मग छताचं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत कडुनिंबाचा पाला निघाला. तो काढण्यात एक रविवार. मग सीटखालचा गालिचा ओला निघाला, तो वाळवण्यात एक. मग ब्रेक. मग दाराची काच वर जाताना किंचित अडते म्हणाले. मी दहाला जायचो आणि दुपारी दीड-दोनला निघायचो. शेडमागे त्यांची एक खोली होती. पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. हे त्यांनी टायरवर कोरलेल्या चार आकड्यांवरून टायरचं वय कसं काढायचं ते सांगता सांगता सांगितलं, त्याच आवाजात. पुढच्या रविवारपासून त्यांनी दोन भाकऱ्या जास्त टाकायला सुरुवात केली. ठेचा असा करत, की माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि ते खूश व्हायचे.

अशाच एका दुपारी मी सहज विचारलं, की तुम्ही एवढ्या गाड्या विकल्या, ती माणसं कधी येतात का हो?

ते बराच वेळ पान्याला लागलेलं ग्रीस पुसत राहिले. "आपल्या धंद्याचं लई उलटं हाय, साहेब. चांगली गाडी दिली की मानूस परत येत नाय. कशाला येईल? एकदा एक डॉक्टर होते. त्यांच्या गाडीचा गिअरबॉक्स लई तरास द्यायचा. आठवड्यातून दोनदा यायचे, इथं खुर्चीत बसायचे, पेशंटच्या गमती सांगायचे. लई दिलदार मानूस."

"मग?"

"मंग काय. मीच गिअरबॉक्स नीट केला."

मी हसलो. तेही हसले. घरी येईपर्यंत माझं हसू उरलं नव्हतं.

आता माझ्याबद्दल. मी क्वालिटीचा माणूस. काचेत काही अडत नाही, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. त्याच्यानंतरच्या रविवारी त्यांनी डाव्या बाजूला आवाज येतो म्हणून सांगितलं. तिथे आवाज नव्हता. मी कान लावला, मान हलवली आणि म्हणालो, "हो, येतोय खरा." असे माझ्या मोजणीने दहा रविवार गेले. दोघेही शहाणे, दोघेही नसलेली खोट शोधतोय. मी नोकरीत कुणी असं केलं असतं तर त्याला मेमो दिला असता.

दिवाळी झाली. बायको फोनवर म्हणाली, "घेणार आहात की नुसती बघणार?" माझा स्वभाव कोता आहे, मला टोचलं की मी दुसऱ्याला टोचतो. त्या रविवारी उस्ताद म्हणाले, स्टिअरिंग जरा जड वाटतंय. मी फटकन बोललो, "उस्ताद, या गाडीत काहीही खोट नाही."

त्यांनी स्टिअरिंगवरचा हात काढला. मग म्हणाले, "नाय. नाय खोट."

"कधीपासून?"

"पोळ्याच्या आदीपासून."

"मग दिली का नाही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "दिली असती तर तुमी आले असते का?"

या प्रश्नाला एकच उत्तर असतं आणि मी ते दिलं. येईन की, म्हणालो. दर रविवारी येईन. गाडी घेऊनच येईन, भाकऱ्या कमी करू नका. "सगळेच म्हनतात," ते म्हणाले आणि आत जाऊन चावी घेऊन आले. मग पहिल्यांदा मी चालवताना ते शेजारी बसले, माझ्या बिल्डिंगपर्यंत. सगळा रस्ता ते नुसते इंजिन ऐकत होते. खाली उतरल्यावर मी वर चहाला चला म्हणालो, पण ज्या आवाजात म्हणालो त्यात आग्रह नव्हता. माझं सगळं लक्ष गाडीवर होतं. ते चालत चौकापर्यंत गेले. तिथून रिक्षा मिळाली असेल.

पुढचे दोन रविवार मी गेलो. तिसऱ्या रविवारी छत उघडून पुण्याला गेलो. बायको बॅग मांडीवर घेऊन बसली आणि कोरेगावापासून कात्रजपर्यंत उगाचच हिंडवून आणा म्हणाली. नातवाला तर मी गाडीमुळेच आवडायला लागलो. मग दर शनिवारी पुणे. गाडी मला माझ्या माणसांकडे घेऊन जायची, एकदाही वाटेत अडकली नाही, आणि ज्याने ती तशी केली त्याची शेड माझ्या वाटेवर नव्हती.

उस्तादांचे फोन यायचे, महिन्या-दोन महिन्यांनी.

"साहेब, आवाज कसाय गाडीचा?"

"एकदम खणखणीत."

"छतातून पानी वगैरे?"

"थेंब नाही. एवढा पाऊस झाला, थेंब नाही."

"ब्रेक?"

"उत्तम, उस्ताद. तुमच्या कामाला तोड नाही."

"व्हय का," ते म्हणायचे. "मंग बरंय." आणि फोन ठेवायचे.

आयुष्यभर मी कुणाला शंभर टक्के मार्क दिले नव्हते. त्यांना दिले, आणि प्रत्येक वेळी देताना मला आपण किती मोठ्या मनाचे आहोत असं वाटलं. ते काय विचारत होते, ते मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. कळलं होतं. फोन ठेवल्यावर पाचेक मिनिटं कळलेलं असायचं. मग कुकरची शिट्टी व्हायची किंवा नातू काहीतरी पाडायचा.

एकदा मात्र पुण्याहून परतताना एकाएकी वाटलं, बस झालं. येत्या रविवारी जायचं. सरळ जायला तोंड राहिलं नव्हतं, म्हणून मी एक तक्रार ठरवली. क्लच घसरतो म्हणून सांगायचं. तो घसरत नाही हे त्यांना पहिल्या वळणावर कळलं असतं, पण ते मान हलवून म्हणाले असते, घसरतोय खरा, दोन-तीन रविवार लागतील. या विचाराने मला प्रवासभर बरं वाटलं. बाजारातून मी अर्धा किलो भुईमुगाच्या शेंगाही घेऊन ठेवल्या, त्यांना उकडून आवडत म्हणून.

गुरुवारी सकाळी त्यांच्या नंबरवरून फोन आला. मी उचलताच बोललो, "उस्ताद, बरं झालं तुम्हीच केलात. अहो, क्लच..."

"मी त्यांचा भाचा बोलतोय, पिशोरहून," पलीकडचा माणूस म्हणाला. "मामा गेले, साहेब. सोमवारी. झोपेतच. शेजारच्या टायरवाल्यानं पाहिलं दुपारी."

तो सावकाश, समजुतीने बोलत होता. शेड रिकामी करायची होती. मामांच्या फोनमध्ये ज्या ज्या गिऱ्हाइकाचं नाव होतं त्याला तो एकेक करून फोन करत होता. कुणाचे कागद, कुणाचं सामान, कुणाचं काम मामांकडे राहिलं असेल, तर त्याने रविवारी येऊन न्यावं.

"एक सांगतो साहेब," तो म्हणाला. "चाळीस-पन्नास लोकांना फोन झाले. एकाचीबी तक्रार नाय. सगळे म्हनतात गाडी मस्त चाललीय, काईच करावं लागलं नाय. लई इमानदार काम होतं मामाचं." त्याला अभिमान वाटत होता, आणि तो वाटायलाच हवा होता. मला मात्र एवढी लाज कधी वाटली नव्हती. त्या चाळीस-पन्नास माणसांत मी बसलो होतो, अगदी मधोमध.

"तुमी क्लचचं कायतरी म्हनत होते," तो म्हणाला. "काम राहिलंय का तुमचं?"

आता खोटं कुणासाठी बोलायचं? "नाही," मी म्हणालो. "क्लच चांगला आहे. काहीच राहिलं नाही."

"मंग रविवारी तुमाला यायचं काम नाय, साहेब," तो म्हणाला, आणि पुढच्याला फोन लावायला त्याने माझा ठेवला.