शेवट नसलेलं नाटक

शिरूरच्या पंचायत समितीत एक कारकून होते. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे. बोलण्याआधी चष्मा सदऱ्याच्या टोकानं पुसायचे आणि काहीही विचारलं तरी म्हणायचे, "नियमात बसतंय का बघू."

त्या वर्षी न्हावऱ्यात आमच्या बौद्धवस्तीनं नाटक बसवायला घेतलं. विषय होता गावची विहीर, जिथं आम्हाला पाणी भरू देत नव्हते. तळेगावच्या एका व्यापाऱ्यानं खर्च कबूल केला होता. विषय कळल्यावर त्यानं निरोप धाडला, "शेवटी सगळे एक झाले असं दाखवा, तरच पैसे देतो."

ते आम्हाला पटलं नाही, म्हणून मी सरकारी अनुदानाचा अर्ज घेऊन भाऊसाहेबांकडं गेलो. जेवणाचा डबा तसाच ठेवून त्यांनी नाटकाची वही वाचली.

"शेवट कुठं हाय?"

"अजून सापडला न्हाई," मी म्हणालो आणि वही परत घ्यायला हात पुढं केला.

त्यांनी ती सोडली नाही. "शोधा की मग. अनुदान त्याच्यासाठीच असतं." त्यांनी शिफारस लिहून खाली सही केली.

त्यांच्या वरच्या साहेबांनी त्यांना माझ्यासमोरच विचारलं, "गावात भांडण पेटलं तर?"

"सही माझी हाय, साहेब. मला विचारा."

अनुदान मिळालं. प्रयोगाला भाऊसाहेब एसटीनं आले आणि मागं उभे राहिले. नाटकात माझ्या बहिणीनं विहिरीत बादली सोडली आणि दोर धरून ती थांबली. पुढचं आम्ही लिहिलंच नव्हतं. मग गावातले, विहिरीवर आम्हाला अडवणाऱ्यांतले एक म्हातारे आबा बसल्या जागेवरून म्हणाले, "वढ की, पोरी."