आपाचं मिठाचं माप

आपा गेल्याचा फोन आला तेव्हा मी भट्टीतून खारीचा ट्रे ओढत होतो. पौडच्या बाजारात आमची बेकरी आहे, वडिलांच्या वेळेपासूनची, आणि माल भट्टीत असताना मी कुणाचाच फोन घेत नाही. हा घेतला, कारण नाव आपाचंच दिसत होतं. बोलत होती तिची दिल्लीतली शेजारीण... मेंदूत रक्तस्राव झाला, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. डॉ. नसीम, माझी मोठी चुलत बहीण. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार असले जन्माला चिकटणारे आजार देशात कमी व्हावेत म्हणून राष्ट्रीय उद्दिष्टं ठरवणारी एक समिती आहे, तिच्यावर ती कितीतरी वर्षं होती. मातीसाठी तिला पौडलाच आणलं. कब्रस्तानातून परतताना फाटकाशीच कुणीतरी म्हणालं, "बीपीच्या डॉक्टरणीलाच बीपीनं नेलं की!" बोलणाऱ्याला आपण फार शहाणपणाचं बोललो असं वाटलं असावं. महिना उलटला तरी ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. खरं सांगायचं तर हा लेख मी त्या रागापायीच लिहितोय.

आपाला या कामाचं वेड लागलं ते माझ्या वडिलांमुळे. एके सकाळी पीठ मळता मळता त्यांचं अर्धं अंग लुळं पडलं. आमच्याकडे याला 'वारं गेलं' म्हणतात, जणू ताम्हिणी घाटाकडून वारा आला आणि माणूस घेऊन गेला, कुणाचा काही दोष नाही! आपा तेव्हा पुण्यात डॉक्टरकी शिकत होती. धावत आली आणि आम्हा सगळ्यांना फैलावर घेतलं. "चाचांचं बीपी कुनी कदी मोजलंच न्हाई?" मोजायचं कशाला, त्यांना काही होतच नव्हतं, असं आम्ही म्हणालो. पुढं वडील बेकरीमागच्या खोलीत वर्षानुवर्षं पडून राहिले, पावाचा वास घेत. पुढं आपा सरकारी डॉक्टर झाली, आमच्याच तालुक्यात चांद्यापासून माल्यापर्यंत गावोगाव फिरली, आणि घरोघरी तिला तेच दिसलं. ऐन कमावता माणूस बाजेवर आणि बायको शेतावर.

ती दिल्लीच्या समितीत गेली तेव्हा मला वाटलं, आता काहीतरी होणार. सुट्टीत आली की बेकरीतल्या बाकावर बसून ती तिथल्या गोष्टी सांगायची. माणसाच्या पोटात रोज जाणारं मीठ अमुक वर्षापर्यंत इतकं कमी व्हायला हवं, असं एक उद्दिष्ट ठरलं होतं. ते गाठायचं कसं? तर पाकिटातले पदार्थ विकणाऱ्यांनी स्वेच्छेनं मीठ कमी करावं. "आन न्हाई केलं तर?" मी विचारलं. "तर फुडच्या बैठकीत चिंता व्यक्त करायची," आपा म्हणाली. हसत म्हणाली, पण चहाचा कप तिनं जरा जोरातच ठेवला. वर्ष जवळ आलं की उद्दिष्ट पुढं ढकलायचं. कारण दर वेळी एकच, लोकांच्या जिभेला अळणी चालणार नाही.

अशाच एका सुट्टीत ती म्हणाली, "अन्वर, तुजं मिठाचं माप दाव." वडिलांनी करून घेतलेला तो पत्र्याचा लहानसा डबा, मैद्याच्या एका पोत्याला एक माप मीठ, हा आमचा हिशेब. आपानं पत्रा कापायची कातर मागितली आणि सांगितलं, वरून नखाएवढी पट्टी काप. मी भडकलो. "दिल्लीत तुजं कुनी ऐकंना, म्हनून माज्या धंद्याचं वाटोळं करतीस का? मीठ कमी पडलं की यीस्ट माजतं, पाव आंबतो!" ती शांतपणे म्हणाली, "मग यीस्ट कमी कर की. आन कुनाला सांगू नगंस. कळतंय का बघू." मी कुरकुरत कापली. कुणाला कळलं नाही. काही महिन्यांनी आणखी एक पट्टी, मग आणखी एक... दर पट्टी ती चष्म्याच्या घरात घालून दिल्लीला न्यायची. एकदा तिचं बोट चांगलंच कापलं होतं त्या पत्र्यानं.

माल्याचे धोंडूदादा रोज डेअरीला दूध घालून आमच्याकडे चहा-खारीला थांबतात. रस्ता, सरकार, चहातली साखर, कशावरही तोंड सोडतील, पण खारीतल्या मिठाबद्दल ब्र नाही. एक दिवस त्यांनी चिप्सचं पाकीट फोडलं आणि पहिलाच घास थुंकला. "आरं, ह्ये काय, नुस्तं मीठ हाय!" मला इतका आनंद झाला की मी लगेच आपाला फोन लावला. बैठक सोडून ती बाहेर आली आणि तिनं ते मला दोनदा सांगायला लावलं. मग आत जाऊन तिनं त्या पट्ट्या टेबलावर मांडल्या. लोकांनी हातात घेऊन बघितल्या, कौतुक केलं. एक गृहस्थ म्हणाले, मॅडम, एक बेकरी म्हणजे देश नव्हे. आणि उद्दिष्टाचं वर्ष पुन्हा पुढं गेलं.

ती काही संत नव्हती. गोळ्या नेमानं घ्यायची, पण कैरी दिसली की तिखटमीठ लावून खाल्ल्याशिवाय राहायची नाही. "वा डॉक्टरीणबाई!" मी चिडवायचो. ती म्हणायची, "सवय सुटत न्हाई रं मानसाची. म्हनून तर म्हनते, मानसावर सोडू नगा, मापच ल्हान करा." फाटकाशी बोलणाऱ्याला हे ऐकवायला हवं होतं.

आपाच्या मातीनंतर धोंडूदादा भेटायला आले. मापाची गोष्ट त्यांना मागंच कधीतरी मी सांगून टाकली होती. "आपांनाच वारं गेलं म्हनल्यावर त्या मिठाचं काय खरं न्हाई," ते म्हणाले. "आता घाल की पैल्यावानी." माझा आवाज चढला. "दादा, ह्ये तिनं तुमच्यासाठी केलं. तुमी पडला न्हाई आजवर!"

"मी कुटं पडनार हुतो?" दादा म्हणाले आणि त्यांनी खारी चहात बुडवली.

पडलेला माणूस सगळ्यांना दिसतो. जो पडला नाही, त्याला स्वतःलाही पत्ता नसतो. आपानं सगळं आयुष्य अशा माणसांसाठी घालवलं, आणि त्यातला एकही तिच्या मातीला येऊन म्हणू शकला नाही की मी तिच्यामुळे उभा आहे. याचा मला राग येतो. दादांचा नाही... कुणाचा ते मला नीट सांगता येत नाही.

परवा समितीतल्या तिच्या एका सहकारी बाईंचा फोन आला. बैठकीत आपासाठी सगळे दोन मिनिटं उभे राहिले म्हणाल्या. छान वाटलं. मग मी विचारलं, मिठाचं काय ठरलं? त्या म्हणाल्या, वर्ष पुन्हा पुढं गेलंय.

फोन ठेवला आणि कातर शोधली. मापाची आणखी एक पट्टी कापली. सकाळी दादा आले, दोन खाऱ्या खाल्ल्या, म्हणाले, "आज झ्याक झालीया." पट्टी मिठाच्या बरणीशेजारी ठेवली आहे. दिल्लीला न्यायला आता कुणी येणार नाही.